तंबाखूच्या पाइपांचा संग्रह सुरू करताना: आधी शिक्का वाचा, मग पैसे काढा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी गोणपाटावर नळाच्या तोट्या, घड्याळांचे काटे, गंजलेले पाने यांचे ढीग मांडलेले असतात. माझा पहिला पाइप मला अशाच एका ढिगात मिळाला. काळवंडलेला, वाटीत काजळी घट्ट बसलेली, तोंडात धरायची नळी शेवाळासारखी हिरवट. मी तंबाखू कधीच ओढली नाही, आजही ओढत नाही. तो पाइप घेतला लाकडासाठी. अंगठ्याने मळ पुसला तेव्हा खालून वर जाणाऱ्या, ज्योतीसारख्या उभ्या रेघा दिसल्या आणि इतक्याशा लाकडात एवढं काम कुणी का केलं असेल, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच.

हा लेख ज्यांना असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी आहे. पाइप ओढायला सुरुवात करावी म्हणून तो लिहिलेला नाही. सिगारेटपेक्षा पाइप बरा असा एक समज आपल्याकडे आहे, तो चुकीचा आहे. पाइपनेही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. संग्रहाला ओढण्याची काहीही गरज नसते. अडकित्त्यांचा संग्रह करणारा माणूस दिवसभर सुपारी खात नाही.

अडकित्त्यांवरून आठवलं. संग्रह म्हणजे काय हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यायचं असेल तर पुण्यात बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अर्धा दिवस घालवा. दिनकर गंगाधर केळकरांनी एकट्याने दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं अशा घरोघरच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९६२ मध्ये सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. एकच वस्तू शंभर कारागिरांनी शंभर तऱ्हांनी कशी केली, हे तिथे शेजारी शेजारी ठेवलेलं दिसतं. पाइपांकडेही त्याच नजरेने बघायचं आहे.

आधी अवयवांची नावं

जिथे तंबाखू भरतात ती वाटी. वाटीला जोडलेला लाकडाचाच आडवा भाग, त्याला मी मान म्हणतो, विक्रेते शँक म्हणतात. मानेत खुपसलेली, तोंडात धरायची नळी म्हणजे स्टेम. स्टेमचं मानेत जाणारं बारीक टोक टेनन, आणि दातांत धरायच्या टोकाला जो कंगोरा असतो तो बटन. एवढी पाच नावं पाठ झाली की विक्रेत्याशी बोलता येतं.

आकारांची नावं मात्र हळूहळू शिकावीत. बिलियर्ड हा सगळ्यांत साधा: सरळ मान, उभी गोल वाटी. बुलडॉगची मान चौकोनी, कोपऱ्यावर उभ्या केलेल्या पतंगासारखी, आणि वाटीच्या पोटावर दोन खाचा. कॅनेडियन, लम्बरमन, लिव्हरपूल आणि लोव्हाट ही चार भावंडं नवख्याला हमखास चकवतात, कारण चौघांचीही मान लांब आणि स्टेम आखूड. खूण अशी: कॅनेडियन आणि लम्बरमनची मान लंबगोल, लिव्हरपूल आणि लोव्हाटची गोल. कॅनेडियन आणि लिव्हरपूलचं स्टेम निमुळतं होत जातं. लम्बरमन आणि लोव्हाटचं जोडाजवळ जाड असून एकदम पायरी पडून चपटं होतं. हे चार ओळखता आले की बाकीचे आकार आपोआप डोळ्यांत बसतात.

कशाचा बनलाय ते ओळखा

सर्वांत जास्त हाती येणारे पाइप ब्रायरचे. भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या डोंगरांवर, इटली, ग्रीस, कॉर्सिका, अल्जीरिया या भागांत, एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या खोडाच्या आणि मुळाच्या मध्ये जी गाठ फुगते ते ब्रायर. वणव्यात वरचं झुडूप जळालं तरी ही गाठ तगते आणि तिच्यातून पुन्हा फुटवे येतात, म्हणूनच ती पेटत्या तंबाखूचा ताप सोसते. गाठी कापतात, तासन्‌तास पाण्यात उकळून आतला रस काढतात, मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. एवढं करूनही कापताना आत बारीक खड्डे निघतातच. ते लुकणाने भरतात, आणि हाच भाग संग्राहकाच्या कामाचा आहे. गुळगुळीत पाइप उजेडात फिरवला की लुकणाचे गुलाबी-तपकिरी ठिपके दिसतात. ठिपके जितके कमी तितका तुकडा चांगला.

लाकडाच्या रेघा कशा बघायच्या तेही इथेच सांगतो. पाइपच्या बाजूंवर उभ्या सरळ रेघा असतील तर वाटीच्या काठावर आणि बुडाशी त्याच रेघांची टोकं बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. या ठिपक्यांना पक्ष्याचा डोळा म्हणतात. बाजूंना रेघा आणि वर-खाली डोळे, असा तुकडा मिळवणं अवघड असतं, म्हणून तो महाग. विक्रेता ‘सरळ रेघांचा’ म्हणून दाखवेल तेव्हा पाइप उलटा करून बूड बघा. तिथे डोळे नसतील तर रेघा तिरप्या चालल्या आहेत.

ब्रायरच्या पृष्ठभागाचे तीन प्रकार: गुळगुळीत, कोरून खडबडीत केलेला, आणि वाळूच्या झोताने खरवडलेला. झोताने मऊ लाकूड झिजतं, कठीण वलयं उभी राहतात, आणि पाइपवर अक्षरशः झाडाची वर्षं मोजता येतात. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने या पद्धतीचं पेटंट १९१७ मध्ये घेतलं आणि त्या पाइपांना ‘शेल’ हे नाव दिलं. मला स्वतःला गुळगुळीतपेक्षा हेच पाइप आवडतात. हातात धरले की लाकूड बोटांना कळतं.

दुसरं मोठं घराणं मीरशॉमचं. हा दगड आहे, सेपिओलाइट नावाचं मॅग्नेशियमचं खनिज, आणि त्याचं माहेर तुर्कस्तानातलं एस्किशेहिर. ओला असताना तो साबणासारखा कोरता येतो, वाळला की इतका हलका होतो की पाण्यावर तरंगतो. कोरून झाल्यावर तो वितळलेल्या मधमाशीच्या मेणात बुडवतात. वापराने आतला डांबरट अंश मेणातून झिरपत बाहेर येतो आणि पांढरा पाइप मधासारखा पिवळा, पुढे तपकिरी होत जातो. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या कारागिरांनी घोडे, हात, शिकारीचे देखावे कोरलेले असे पाइप केले, अंबर या पिवळ्या, दगडासारख्या झालेल्या राळेच्या स्टेमसह. त्यांची आतून मखमल लावलेली पेटी बहुतेक वेळा त्याच पाइपच्या मापाने केलेली असते. पेटी फाटकी असली तरी टाकू नका. पेटीच्या झाकणात आतून दुकानाचं नाव असतं, आणि पुष्कळदा पाइपचा तेवढाच काय तो जन्मदाखला.

मातीचे पांढरे पाइप हा वेगळाच प्रांत. इंग्लंडमध्ये आणि नेदरलँड्‌सच्या गौडा शहरात ते लाखांनी झाले आणि तितक्याच लाखांनी मोडून फेकले गेले. सुरुवातीला तंबाखू महाग होती म्हणून जुन्या पाइपची वाटी जेमतेम बोटाचं पेर मावेल एवढी. पुढे तंबाखू स्वस्त होत गेली तशी वाटी मोठी झाली. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं की नळीचं भोकही काळाबरोबर लहान होत गेलं: सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंचाचे ८/६४, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४/६४. मोजायला त्यांनी साधी ड्रिलची पाती वापरली. एका तुकड्यावरून काही ठरत नाही, ढीगभर तुकडे लागतात. लंडनला राहणारी आपली मंडळी ओहोटीला थेम्सच्या काठावर असे तुकडे बघतात; मात्र तिथे शोधायचं किंवा तिथून उचलायचं तर लंडन बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो, हे लक्षात असू द्या.

मक्याच्या कणसाचा पाइप हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून ते बनतात, मिझुरी मीरशॉम या नावाने. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या तोंडात दिसतो तो कणसाचाच. स्वस्त असतो, आणि पाइपची रचना आतून कशी असते हे बघायला एक मधोमध उभा कापून ठेवावा. मी ठेवलाय. येणाऱ्या प्रत्येकाला आधी तोच दाखवतो.

आणि आपली चिलीम? कुंभाराने केलेली, मातीची, आत धूर गाळणारा छोटा खडा, खाली ओली छापी. ती कुणी जपली नाही कारण फुटली की दुसरी मिळायची. तुमच्या संग्रहात एक तरी असू द्या, खडा आणि छापीसकट.

सीमा आखून घ्या

पहिल्याच वर्षी दिसेल ते घेतलं की घरात पाइप होतात, संग्रह होत नाही. एक धागा पकडा. एकच आकार वेगवेगळ्या देशांतला, किंवा एकच कारखाना सुरुवातीपासून आजपर्यंत, किंवा एकच पदार्थ. माझा सल्ला कारखान्याचा आहे, कारण तिथे शिक्के बदलत गेलेले असतात आणि शिक्क्यांवरून शिकायला मिळतं.

नवख्यासाठी दोन घराणी सोयीची आहेत. एक आयर्लंडचं पीटरसन, दुसरं डेन्मार्कचं स्टॅनवेल. दोन्ही भरपूर झाले, त्यामुळे आवाक्यातले मिळतात, आणि दोघांनाही स्वतःचं रूप आहे. पीटरसनच्या ‘सिस्टिम’ पाइपमध्ये मानेच्या पोटात ओल जमा व्हायला एक खळगा असतो. त्याचं पेटंट १८९० चं. स्टॅनवेलची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. डेन्मार्कला ब्रायर मिळेना, तेव्हा पॉल नील्सन यांनी बीच लाकडाचे पाइप करून धंदा उभा केला. युद्धानंतर सिक्स्टन इवार्सन या कारागिराने त्यांच्यासाठी आकार आखले, आणि इंग्रजी चौकटीतून बाहेर पडलेला मोकळा डॅनिश वळणाचा पाइप जगभर गेला.

पैसे अगदीच बेताचे असतील तर मोठ्या घराण्यांची दुय्यम नावं शोधा. लाकडात थोडं उणं निघालेले डनहिलचे तुकडे पार्कर या नावाने विकले जात, स्टॅनवेलचे रॉयल डॅनिश या नावाने. काम त्याच हातांचं, ठिपके एक-दोन जास्त.

कुठे शोधायचे

मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. पण खरं सांगू? सगळ्यांत चांगले पाइप मला घरांतून मिळाले. लष्करात, बोटीवर, रेल्वेत नोकरी केलेल्या पिढीच्या कपाटांत ते पडून असतात आणि घरच्यांना त्याचं काय करायचं कळत नाही. विचारा, पण भाव पाडून घेऊ नका. आजोबांचा पाइप देणाऱ्या नातीला त्याची खरी किंमत आणि त्याची हकीगत, दोन्ही सांगा. ती हकीगत तुम्हालाही हवी असते: ते कुठे होते, कुठल्या बंदरात घेतला, कधी सोडला.

परदेशी असलेल्यांना वाव जास्त. लंडनचा शनिवारचा पोर्टोबेलो रोड, अमेरिकेत घर रिकामं करताना होणाऱ्या विक्र्या, शिकागोजवळ मे महिन्यात भरणारं पाइपांचं प्रदर्शन. भारतात बसून बाहेरच्या लिलावांतून मागवायचं तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी धरूनच बोली लावा, नाहीतर पार्सल दारात आल्यावर धक्का बसतो.

ऑनलाइन घेताना सुंदर कोनातल्या एका फोटोवर जाऊ नये. हे फोटो मागा: मानेची डावी बाजू, उजवी बाजू आणि खालची बाजू जवळून, वाटीत वरून, स्टेम काढून टेनन, दातांकडचं बटन. मान आणि स्टेम जिथे भेटतात तिथे फट दिसत असेल, किंवा स्टेमची जाडी मानेशी जुळत नसेल, तर स्टेम मूळचं नाही असं धरून चाला. मानेच्या तोंडाशी केसासारखी काळी रेघ असेल तर ती बहुतेक चीर असते. त्यावर चांदीचा पट्टा चढवून चीर झाकलेलीही बघितली आहे, म्हणून पट्टा मूळचा आहे ना हेही विचारा. वाटीच्या आत एका जागी खोलगट कोळसा झालेला असेल तर ती जागा जळत चालली आहे. तो पाइप सोडून द्या.

शिक्का वाचणं

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. पाइपचं वय, घराणं, दर्जा हे सगळं मानेवर ठशाने उमटवलेलं असतं, आणि ती अक्षरं तांदळाच्या दाण्याएवढी. ती वाचायला समोरून उजेड नको. खोली अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च मानेला जवळजवळ समांतर धरा, आणि पाइप हळूहळू फिरवा. सपाट दिसणाऱ्या लाकडावर एकाएकी सावल्या पडतात आणि अक्षरं उठून येतात. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजींचं भिंग असेल तर फारच उत्तम. जे दिसेल ते जसंच्या तसं वहीत उतरवा, अर्थ लागो न लागो. अर्धवट अक्षर अर्धवटच लिहा. अंदाजाने पूर्ण करू नका.

आता एक उदाहरण हातात घेऊ. समजा पीटरसन आहे आणि मानेवर ‘आयरिश फ्री स्टेट’ असा ठसा आहे. या नावाचा देश १९२२ ते १९३७ एवढाच होता. १९३७ च्या राज्यघटनेने नाव ‘एरा’ (Eire) झालं, १९४९ मध्ये प्रजासत्ताक आलं, आणि त्यानंतरच्या पाइपांवर ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ दिसतं. म्हणजे देशाचा इतिहास मानेवर तीन शब्दांत लिहिलेला. मी पहिल्यांदा ते ‘फ्री स्टेट’ वाचलं तेव्हा टॉर्च धरलेला हात थरथरला होता, हे आजही आठवतं.

मग पट्ट्याकडे या. पट्टा चांदीचा असेल तर डब्लिनच्या चांदी तपासणी कार्यालयाचे छाप असतात: बसलेली स्त्री, म्हणजे हायबर्निया, मुकुट घातलेली हार्प हे तंतुवाद्य, आणि एक अक्षर. ते अक्षर दरवर्षी बदलतं, त्यामुळे त्याच्या वळणावरून आणि चौकटीवरून नेमकं वर्ष काढता येतं. इंग्रजी पाइपवर हेच काम चालणारा सिंह, शहराची खूण आणि वर्षाचं अक्षर करतात. जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. इथे नवखा एका ठिकाणी हमखास फसतो. पीटरसनच्या साध्या निकेलच्या पट्ट्यांवरही तीन छोटी चित्रं असतात, शॅमरॉकचं पान, गोल मनोरा वगैरे. ती दिसायला अगदी चांदीच्या छापांसारखी, पण तो नुसता कारखान्याचा शृंगार आहे. निकेलला चांदी समजून दुप्पट पैसे मोजणारे बरेच भेटले.

डनहिलचा पांढरा ठिपका सगळ्यांना ठाऊक असतो. स्टेम कुठली बाजू वर करून बसवायचं ते कळावं म्हणून तो लावला गेला. पण पांढरा ठिपका कुणीही लावू शकतो आणि कितीतरी स्वस्त पाइपांवर तो आहे. नुसत्या ठिपक्यावर विश्वास ठेवू नये, मानेवरचा ठसा बघावा. डनहिलवर ‘मेड इन इंग्लंड’च्या शेवटच्या अक्षराला लागून आकडा असतो. १९६० च्या दशकापासूनच्या पाइपांवर तो आकडा साठमध्ये मिळवायचा: १२ असेल तर १९७२, २५ असेल तर १९८५. त्याआधीच्या पाइपांचा हिशोब वेगळा आणि किचकट आहे, त्यात पहिल्या वर्षी पडू नका. वर्तुळातला १ ते ६ हा आकडा मापाचा, आणि शेजारचं अक्षर पृष्ठभागाचं.

कोमॉय या लंडनच्या घराण्याच्या स्टेमवर ‘सी’ अक्षर असतं. जुन्या पाइपांत ते तीन तुकडे एकमेकांत बसवून घडवलेलं आहे, अलीकडच्यांत नुसतं कोरलेलं. भिंगातून बघितलं की फरक क्षणात कळतो, आणि एकदा तो कळला की त्या तीन तुकड्यांच्या कामाकडे कितीही वेळ बघत बसावंसं वाटतं.

साफसफाई: जितकी कमी तितकी चांगली

पाइप घरी आल्यावर पहिले दोन दिवस काहीही करायचं नाही. फोटो काढा, वहीत नोंद करा, ठेवून द्या. हा नियम मी चूक करून शिकलो. माझ्या त्या जुन्या बाजारातल्या पाइपवर मानेला तीन ओळी होत्या. मला मळ आणि ठसा यांतला फरक कळला नाही. बारीक पॉलिशपेपर घेऊन अख्खा पाइप तुळतुळीत केला. वरचं ‘स्टॅनवेल’ राहिलं, खालचं ‘मेड इन डेन्मार्क’ राहिलं, मधली ओळ गेली. पुढे कळलं की साधारण १९७० च्या सुमारापर्यंतच्या स्टॅनवेलवर नावाखाली ९६९-४८ हा नोंदणीक्रमांक असायचा. माझ्या पाइपवर तीच ओळ होती का? आता कधीच कळणार नाही. मानेवर कुठलाही कागद, कुठलीही पेस्ट लावायची नाही. पाण्यात किंचित भिजवून पिळलेलं सुती फडकं, बस.

स्टेम काढायचं ते पाइप थंड असतानाच, आणि ओढून नाही तर एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरवत. गच्च बसलं असेल तर जोर लावू नका, मान तडकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, पुष्कळदा तेवढ्याने सुटतं.

आतली नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतात. त्यासाठी पाइप क्लीनर लागतात, आणि इथे सावध. शाळेच्या हस्तकलेसाठी स्टेशनरीच्या दुकानात रंगीत चमचमते पाइप क्लीनर मिळतात, ते कृत्रिम धाग्याचे असतात. ओल शोषत नाहीत आणि अल्कोहोलमध्ये रंग सोडतात. सुती पांढरेच मागवा. पहिला काळाकुट्ट निघेल, दुसरा तपकिरी, दहावा-बारावा पांढरा निघाला की थांबा. अल्कोहोलचा थेंब बाहेरच्या लाकडावर सांडू देऊ नका, रंग उडतो.

वाटीतला काजळीचा थर पूर्ण खरवडायचा नसतो. रुपयाच्या नाण्याएवढी जाडी ठेवा. सगळा थर काढायच्या नादात सुरीचं टोक लाकडात रुतलेले पाइप मी पाहिले आहेत. मीरशॉममध्ये मात्र थर ठेवत नाहीत. आणि मीरशॉमवर अल्कोहोलही नको, पाणीही नको. मऊ कोरडा ब्रश पुरे. त्याची पिवळट झाक हाच त्याचा इतिहास आहे, तो पांढरा करायला जाऊ नका.

जुनी स्टेम व्हल्कनाइटची असतात, म्हणजे रबर आणि गंधक. उजेडाने ती हिरवी पडतात आणि चोळली की आगकाडीसारखा वास येतो. तो हिरवटपणा काढायला पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर क्रमाने वापरतात: ४००, ६००, १०००, २०००. आधी स्टेमवरची खूण, ठिपका किंवा अक्षर, व्हॅसलिनने झाकून घ्या. आणि मानेजवळचा भाग घासताना मान आणि स्टेमच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ वायसर घाला. नाहीतर कडा गोल होते आणि जोड पुन्हा कधीच जुळत नाही.

चांदीच्या पट्ट्याला रांगोळी, चिंच, टूथपेस्ट, देवाची भांडी घासायची पावडर यांतलं काहीही लावू नका. चार दिवाळ्यांत छाप झिजून जातात. चांदीचं मऊ कापड घ्या, छापाच्या भोवतीने फिरवा, छापावरून नाही. लाकडाला शेवटी मेणाचा अगदी पातळ हात द्या. तेल नको, व्हार्निश तर मुळीच नको.

ठेवायचे कसे

आपल्याकडे शत्रू दोन, पावसाळा आणि ऊन. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत पाइप ठेवला की आषाढात त्यावर पांढरी बुरशी येते. काचेचं कपाट, हवा थोडी खेळती, सिलिका जेलच्या पुड्या, आणि खिडकीपासून दूर. व्हल्कनाइटमधला गंधक चांदी काळी करतो, म्हणून चांदीच्या इतर वस्तू त्याच खणात ठेवू नका. कपाटात नुसता उभा पाइप घरंगळतो, लाकडाची खाच केलेली पट्टी कुठलाही सुतार तासाभरात करून देतो.

कायद्याचं थोडं

शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि तशी असेल तर खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. भाच्याला अमेरिकेत भेट म्हणून पाठवण्याआधी हे तपासा. हस्तिदंताची स्टेम किंवा नक्षी असलेले जुने पाइप बाजारात दिसतात; १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. कितीही सुंदर असला तरी हात लावू नका.

वही

प्रत्येक पाइपला क्रमांक द्या. क्रमांक पाइपवर चिकटवू नका. दोऱ्याने बांधलेली कागदी चिठ्ठी लावा. लांबी, वाटीची उंची, आतला व्यास आणि वजन मोजा. कुठून आला, कुणी दिला, काय सांगितलं, काय दुरुस्ती केली, सगळं लिहा. चूक झाली असेल तर तीही. पुढे जो कुणी हा पाइप हातात घेईल त्याला ते लागणार आहे. माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे:

क्र. १. जुना बाजार, पुणे. बिलियर्ड, गुळगुळीत. लांबी १४२ मिमी, वाटी ४६ मिमी, आतला व्यास १९ मिमी, वजन ३८ ग्रॅम. डाव्या बाजूला उभ्या रेघा, बुडाशी डोळे, एक लुकण. मानेवर: स्टॅनवेल. त्याखालची एक ओळ माझ्या हातून घासली गेली, वाचली नव्हती. त्याखाली: मेड इन डेन्मार्क.